‘एफटीआयआर करून आणा’ असं कुणी सांगितलं, तर…

वाचकांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात सारखा येतो. अंबड-सातपूरमधले रबर मोल्डिंगवाले विचारतात, ‘ग्राहक कंपनीने ऑइल सील परत पाठवलंय, मटेरिअल चुकलंय म्हणतात आणि एफटीआयआर रिपोर्ट मागतात, तो कुठे मिळेल?’ येवल्याहून पैठणी घेतलेल्या ताई विचारतात, ‘साडी खरंच रेशमाची आहे का, हे मशीनवर कळतं का?’ निफाड-दिंडोरीचे बागायतदार विचारतात, ‘द्राक्षातला औषधाचा अंश यात दिसेल का?’ एमएस्सीचे विद्यार्थी तर आलेखच पाठवून देतात आणि ‘यात काय दिसतंय ते सांगा’ म्हणतात.

चौघांच्या मनात चित्र एकच असतं. यंत्रात वस्तू ठेवायची आणि यंत्राने तिचं नाव सांगायचं. पण पहिल्यांना ही तपासणी खरोखर उपयोगी आहे, दुसऱ्यांना अर्धी, तिसऱ्यांचे पैसे पूर्ण वाया जातील आणि चौथ्यांचं उत्तर त्यांनी काय तयार करायला घेतलं होतं यावर ठरेल. पैसे भरण्याआधी आपण कुठे बसतो हे ठरवता यावं, म्हणून हा लेख.

ही तपासणी काय बघते

निर्णयापुरतं एवढं पुरे. पदार्थातले अणू एकमेकांशी बंधांनी जोडलेले असतात आणि हे बंध सतत कंप पावत असतात. इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त प्रकाश पदार्थावर टाकला, की प्रत्येक प्रकारचा बंध आपल्या कंपनाशी जुळणारा ठरावीक भाग शोषून घेतो. कुठला भाग किती शोषला गेला याचा आलेख म्हणजे वर्णपट. आडव्या अक्षावर साधारण ४००० ते ४०० असे आकडे उलट्या क्रमाने दिसतात. ती तरंगसंख्या, प्रति सेंटिमीटर या एककात. एफटीआयआर हे हा आलेख काढणाऱ्या आजच्या यंत्राचं नाव. आलेख निघायला मिनिटभर पुरतं. त्याचा अर्थ लावायला माणूस लागतो, आणि तुम्ही पैसे मोजता ते खरं तर या दुसऱ्या कामाचे.

आधी प्रश्न ठरवा

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी आपला प्रश्न कागदावर एका वाक्यात लिहा. तो बहुधा या तीनपैकी एक निघेल:

- ‘हे तेच आहे का?’ पुरवठादाराने नायट्राइल सांगितलं, ते नायट्राइलच आहे का? नवी बॅच जुन्या बॅचसारखी आहे का? इन्फ्रारेडचं सगळ्यात भरवशाचं काम हेच.
- ‘हे काय आहे?’ पूर्ण अनोळखी पावडर, चिकट थर, पाइपात साचलेला गाळ. पदार्थ एकच आणि बऱ्यापैकी शुद्ध असेल तर उत्तर मिळतं. चार गोष्टींचं मिश्रण असेल तर मुख्य घटकापलीकडे जाणं कठीण होतं.
- ‘यात ते किती आहे?’ यासाठी आधी माहीत प्रमाणांच्या नमुन्यांवर यंत्र जुळवून घ्यावं लागतं. दुग्धशाळांतली इन्फ्रारेड यंत्रं दुधातलं फॅट आणि प्रथिनं झटपट सांगतात, ती अशा जुळवणीच्या जोरावर. तुमच्या एका सुट्या नमुन्यासाठी हे बहुधा परवडत नाही.

माझं स्पष्ट मत असं, की दुसऱ्या प्रकारचा प्रश्न शक्य तेव्हा पहिल्या प्रकारात बदलून घ्यावा. ‘हे रबर कोणतं?’ असं विचारण्यापेक्षा चांगला चाललेला जुना सील आणि बिघडलेला नवा सील दोन्ही द्या, आणि ‘या दोघांत फरक आहे का?’ असं विचारा. उत्तर जास्त पक्कं येतं आणि बहुतेक वेळा तुम्हाला तेवढंच हवं असतं.

जिथे हे यंत्र चालत नाही

*धातू.* तांब्या-पितळेसाठी नाशिकची ख्याती जुनी आहे, त्यामुळे ‘हे पितळ अस्सल का’ हा प्रश्न येणारच. शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांचा असा वर्णपट मिळत नाही. त्यासाठी एक्सआरएफ ही वेगळी, क्ष-किरणांवर चालणारी तपासणी असते. सराफाकडे किंवा हॉलमार्क केंद्रात दागिना ठेवून काही क्षणांत टक्केवारी सांगतात ते यंत्र हेच. दोन्हींची नावं इंग्रजी आद्याक्षरांची, म्हणून गल्लत होते.

*साधं मीठ.* खाण्याचं मीठ या पट्ट्यात जवळपास पारदर्शक असतं. त्याचंच भावंड पोटॅशियम ब्रोमाइड नमुना धरायला वापरतात, ते याच गुणामुळे.

*अगदी थोड्या प्रमाणातल्या गोष्टी.* इथे द्राक्ष बागायतदारांनी नीट लक्ष द्यावं. मिश्रणातला एखादा घटक साधारण एक टक्क्याच्या खाली गेला की नेहमीच्या एफटीआयआरला तो ओळखणं अवघड होतं. युरोपात ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. यंत्राची कुवत आणि आपली गरज यांत दहा लाख पटींचं अंतर आहे. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते अंश वस्तुमान-वर्णपटाच्या यंत्रांनी पकडले होते. एलसी-एमएस आणि जीसी-एमएस ही त्यांची नावं. निर्यातीचा माल असेल तर अपेडाच्या ग्रेपनेट व्यवस्थेत मान्य असलेल्या प्रयोगशाळेकडेच जा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामातली संदर्भ प्रयोगशाळा आहे. कुणी ‘एफटीआयआरवर अंश तपासून देतो’ म्हणत असेल, तर पैसे देऊ नका.

हळदीतलं शिसं, पाण्यातलं आर्सेनिक, मसाल्यातला चिमूटभर रंग यांनाही हेच लागू. प्रमाण इतकं कमी असतं की इथे त्यांचा माग लागत नाही.

*ओले नमुने.* पाणी अवरक्त प्रकाश फार जोरात शोषतं आणि बाकी सगळं झाकून टाकतं. नमुना कोरडा करूनच द्या. वाळवताना तो बिघडणार असेल तर आधी तज्ज्ञाशी बोला.

पैठणीचा प्रश्न

रेशीम हे प्रथिन आहे, पॉलिएस्टर हे पेट्रोलियमपासून बनवलेलं एस्टर आहे आणि व्हिस्कोस म्हणजे मुळात लाकडाचा सेल्युलोज. तिन्हींचे बंध पूर्ण वेगळे, म्हणून आलेखही वेगळे. रेशमात १६२० आणि १५१५ च्या आसपास दोन ठळक खाचा, म्हणजे जास्त शोषणाच्या जागा, दिसतात. पॉलिएस्टरमध्ये १७१५ च्या जवळ एक टोकदार खाच असते, जी रेशमात नसते. व्हिस्कोसमध्ये १००० ते १०५० च्या भागात रुंद, खोल पट्टा दिसतो आणि प्रथिनाच्या खाचा नसतात. एवढं ओळखायला तज्ज्ञाला वेळ लागत नाही.

तरी काही अडचणी आहेत, आणि दुकानदाराशी बोलण्याआधी त्या तुम्हाला माहीत असायला हव्यात.

पहिली अडचण धाग्याची. उभा धागा आणि आडवा धागा वेगळ्या मालाचे असू शकतात. एक रेशमी आणि दुसरा कृत्रिम, असा व्यवहार होतो. म्हणून दोन्ही धागे वेगवेगळे काढा, वेगळ्या पाकिटांत ठेवा आणि पाकिटावर लिहा. अंगाचा भाग आणि काठ-पदर यांचेही धागे वेगळे द्या. सेंटिमीटरभर धागा पुरतो. साडीच्या आतल्या टोकाला सुट्या दशा असतात, तिथून घ्या. साडी कापू नका.

दुसरी अडचण जरीची. जर चांदीची आहे, तांब्याची आहे की आणखी कशाची, हे इन्फ्रारेड सांगत नाही, ते काम पुन्हा एक्सआरएफचं. प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा मुलामा दिलेली जर मात्र उघडी पडू शकते, कारण मुलाम्याखालचं पॉलिएस्टर दिसतं. त्यासाठी मुलामा थोडा खरवडून पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे कोणतंही रासायनिक यंत्र सांगणार नाही. धागा तोच असतो, फरक विणकराच्या हातात असतो. त्यासाठी साडी उलटी करा. हातमागाच्या पैठणीचा काठ-पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. मागे सुट्या धाग्यांचं जाळं लोंबत असेल तर विचारणा करा. हातमाग चिन्ह आणि सिल्क मार्कचं लेबल मागा. सिल्क मार्क ही केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली सुरू केलेली व्यवस्था आहे. रेशीम तपासण्यासाठी बहुतेकांना तीच सगळ्यात सोपी आणि स्वस्त वाट ठरते.

घरी करायची परीक्षा हवी असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. पण लोकरही रेशमासारखीच जळते, आणि मिश्र धाग्यात ही परीक्षा फसवते. वाद असेल तिथे तिच्यावर विसंबू नका.

कारखानदारांसाठी: रबर आणि प्लास्टिक

नाशिकच्या वाहन-सुट्या-भागांच्या धंद्यात हा प्रश्न पैशांचा आहे. नायट्राइल रबर तेल सहन करतं आणि ब्रेक फ्लुइडमध्ये फुगतं. ईपीडीएम नेमकं उलट, ब्रेक फ्लुइड आणि गरम पाणी सहन करतं आणि खनिज तेलात फुगतं. दोन्ही काळीच दिसतात. गोदामात अदलाबदल झाली तर ते यंत्रावर बसवून गळती लागेपर्यंत कळत नाही.

वर्णपटात मात्र लगेच कळतं. नायट्राइलमध्ये २२३७ च्या आसपास एक लहान पण स्वच्छ खाच असते. त्या भागात दुसरं फारसं काही येत नाही, म्हणून ती खूण पक्की. ईपीडीएमला ती नसते. सिलिकॉन १२६० ला टोकदार खाच आणि १००० ते १०९० मध्ये मोठा पट्टा दाखवतं. व्हायटॉन म्हणून ओळखलं जाणारं फ्लुरोरबर ११०० ते १२५० मध्ये जोरदार शोषण दाखवतं.

अडचण काजळीची आहे. काळ्या रबरातला कार्बन ब्लॅक प्रकाश गिळतो आणि आलेख तिरपा, निस्तेज येतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे यंत्रात नमुना ज्या लहानशा हिऱ्यावर दाबून धरतात, त्याऐवजी जर्मेनियमचा स्फटिक लावून घेणे. दुसरा, नमुना परीक्षानळीत तापवून त्यातून निघणाऱ्या द्रवाचा वर्णपट घेणे. रबर ओळखण्याच्या आयएसओ ४६५० आणि एएसटीएम डी ३६७७ या मानकांत ही वाट दिली आहे. प्रयोगशाळेला पहिलाच प्रश्न विचारा: ‘काळं रबर तुम्ही कसं करता?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

प्लास्टिकवाल्यांनी इतकं लक्षात ठेवावं:

- पॉलिथिन, पॉलिप्रोपिलीन, पीव्हीसी, नायलॉन, एबीएस, पेट हे एकमेकांपासून सहज वेगळे ओळखता येतात.
- एलडी, एलएलडी आणि एचडी पॉलिथिन यांतला फरक बारीक आहे. त्यासाठी वितळबिंदू मोजणारी डीएससी तपासणी जोडून घ्या. नायलॉन ६ आणि ६६ यांचंही तसंच. पहिलं सुमारे २२० अंशांना वितळतं, दुसरं सुमारे २६० ला.
- चुना किंवा टाल्क भरलेला असेल तर त्यांच्या खाचा मूळ प्लास्टिकवर चढतात. भरणी नेमकी किती, हे जाळून उरलेल्या राखेवरून कळतं.
- ‘माल व्हर्जिन की रिसायकल?’ याचं थेट उत्तर या आलेखात नसतं. पॉलिथिनमध्ये पॉलिप्रोपिलीनची भेसळ दिसली किंवा १७१५ च्या आसपास जुनाटपणाची खाच दिसली, तर संशयाला आधार मिळतो. पुरावा म्हणायला तेवढं पुरत नाही.
- ठिबकच्या नळीत काजळी पुरेशी आहे का, हे एफटीआयआरवर ठरत नाही. कार्बन ब्लॅकच्या प्रमाणाची तपासणी वेगळी असते, तीच मागा.

नमुना देताना

आजकाल बहुतेक ठिकाणी एटीआर पद्धत वापरतात. लहानशा हिऱ्यावर नमुना दाबून धरतात, दळायची गरज नसते. पण यात प्रकाश पृष्ठभागातून मायक्रॉन-दोन मायक्रॉनच आत जातो. याचा परिणाम मोठा आहे. साच्यातून भाग सुटावा म्हणून फवारलेलं सिलिकॉन, हाताचं तेल, टाल्कची पावडर हेच आलेखात उमटतं आणि खालचं रबर दिसतच नाही. पाकिटाच्या थरदार फिल्मची आतली बाजू आणि बाहेरची बाजू दोन वेगळे पदार्थ म्हणून येतात.

म्हणून:

१. नमुना स्वच्छ कोरड्या पाकिटात, हात न लावता ठेवा. जुन्या प्लास्टिक पिशवीचे घटक नमुन्याला लागू शकतात, म्हणून काचेची छोटी बाटली किंवा ॲल्युमिनियमचा कागद बरा.

२. जाड भाग ताज्या पात्याने कापून आतला पृष्ठभाग तपासायला सांगा. पृष्ठभागावरच डाग किंवा थर असेल आणि तोच प्रश्न असेल, तर उलट सांगा: ‘पुसू नका.’

३. ओळखीचा चांगला नमुना सोबत द्या. कुठल्याही संगणकी संग्रहापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

४. अर्धा नमुना घरी ठेवा. वाद होईल असं वाटत असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्यांनी मोहोरबंद करा. तारीख, बॅच क्रमांक आणि कुणी कुठून घेतला, हे पाकिटावर लिहा.

५. नमुना घातक असू शकतो असं वाटत असेल तर ते लेखी सांगा. अनोळखी पावडर हातात घेणारा तंत्रज्ञही माणूसच असतो.

कुठे जायचं

*जवळचं महाविद्यालय.* नाशिकमध्ये विज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्राची बरीच महाविद्यालयं आहेत. रसायनशास्त्र विभागप्रमुखांना भेटा आणि यंत्र आहे का, बाहेरचे नमुने घेतात का, हे विचारा. प्राथमिक चाळणीसाठी ही वाट चांगली. पण वादात हा आलेख फारसा टिकत नाही.

*एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा.* ग्राहक कंपनी रिपोर्ट मागत असेल तर इथेच जा. दारावर ‘एनएबीएल’ लिहिलंय, एवढ्यावर थांबू नका. मान्यता प्रत्येक तपासणीला स्वतंत्र असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची मान्यताव्याप्ती बघता येते. तिथे तुमचा पदार्थ आणि तुमची पद्धत लिहिलेली हवी. रिपोर्टवर चिन्ह नसेल तर ती तपासणी मान्यतेबाहेर झाली असं धरा.

*मोठ्या संस्था.* मुंबई आयआयटीतलं सैफ केंद्र, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सूक्ष्मदर्शक जोडलेलं एफटीआयआर लागणारी कामं, म्हणजे केसापेक्षा बारीक तंतू किंवा गोळीवरचा ठिपका, यांच्यासाठी अशाच ठिकाणी जावं लागतं. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात. प्लास्टिकसाठी छत्रपती संभाजीनगरचं सिपेट आणि कापडासाठी घाटकोपरचं बीटीआरए यांच्याशी बोला.

*नाशिकची प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा.* ही गुन्ह्यांच्या तपासासाठी आहे. नमुने पोलीस आणि न्यायालयांमार्फत जातात, खासगी व्यक्तीने थेट नेऊन उपयोग नाही. घरात किंवा शेतात संशयास्पद पावडर सापडली तर ती तपासायला कुठेही घेऊन फिरू नका. हात लावू नका आणि ११२ ला कळवा.

दर विचारताना तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: रक्कम नुसत्या आलेखाची की अर्थ लावून दिलेल्या रिपोर्टची, जीएसटी धरून की वेगळा, आणि किती दिवस. नुसता आलेख स्वस्त पडतो, पण तो वाचणारं कुणी तुमच्याकडे नसेल तर त्याचा उपयोग होणार नाही.

रिपोर्ट वाचताना

सगळ्यात जास्त फसगत ‘९५ टक्के मॅच’ या शब्दांनी होते. याचा अर्थ माल ९५ टक्के शुद्ध असा *नाही*. तुमच्या आलेखाचा आकार संगणकातल्या एका नोंदीशी किती जुळतो, एवढाच तो आकडा. पाच टक्के भेसळ असतानाही ९८ येऊ शकतो. माल शुद्ध असून नमुना नीट दाबला गेला नसेल तर ८५ येऊ शकतो. पुरवठादार हा आकडा शुद्धतेचा दाखला म्हणून पुढे करत असेल तर तिथेच थांबवा.

जुळणाऱ्या नावांची यादी मागा, पहिलं नाव पुरेसं नाही. पहिल्याला ९५ आणि दुसऱ्याला ९४ असेल, तर यंत्राने निवड केलेलीच नाही. संग्रहात तुमचा पदार्थ मुळात नसेल तरी यंत्र सर्वांत जवळचं काहीतरी नाव देतंच, हेही लक्षात असू द्या.

२३५० च्या आसपासची जोडखाच दिसली तर घाबरू नका. ती बहुधा खोलीतल्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची असते. विद्यार्थी तिला हमखास आपल्या पदार्थाच्या नावावर लिहितात.

विद्यार्थ्यांसाठी आणखी दोन ओळी. प्रत्येक वळणाला बंधाचं नाव देत बसू नका. सुरुवातीचा पदार्थ आणि तयार झालेला पदार्थ यांचे आलेख एकावर एक ठेवा, काय नाहीसं झालं आणि काय नवं आलं तेवढं लिहा. आणि संयुगाची रचना ‘सिद्ध झाली’ असं एकट्या इन्फ्रारेडवर लिहू नका, त्यासाठी एनएमआर आणि वस्तुमान-वर्णपट लागतात.

वाद झाला तर तुमचे हक्क

*प्रयोगशाळेकडून.* मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाने बांधलेली असते. तुमची माहिती गुप्त ठेवणं, तक्रार घेण्याची ठरलेली पद्धत असणं आणि विचारल्यावर ती सांगणं, हे तिला बंधनकारक आहे. आलेखाची संगणकी फाइल नमुना देतानाच लेखी मागून ठेवा. नंतर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायची तर छापील कागद पुरत नाही.

*ग्राहक म्हणून.* ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर जिल्हा आयोग स्वतः नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. अहवाल मान्य नसेल तर लेखी हरकत घेता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करा, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे साडीच्या वादात स्वतः महागडा रिपोर्ट काढून मगच तक्रार करायला हवी असं नाही. बिल आणि साडी जपून ठेवा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

*खाद्यपदार्थ.* अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कोणीही खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट अशी, की तपासणीसाठी घेत असल्याचं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. पदार्थ नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळण्याचा हक्क आहे.

*औषधं.* गोळी बनावट असल्याचा संशय असेल तर ती महाविद्यालयातल्या यंत्रावर तपासून निष्कर्ष काढू नका. गोळीत औषधापेक्षा स्टार्च आणि लॅक्टोज जास्त असू शकतात आणि आलेख त्यांचाच येतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणीही व्यक्ती विहित शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून, स्वतः विकत घेतलेलं औषध तपासून घेऊ शकते. अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात चौकशी करा. दरम्यान डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.

*लघुउद्योजक.* धंद्यासाठी केलेल्या खरेदीचे वाद सहसा ग्राहक आयोगात जात नाहीत. पण तुमची सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमई विकास कायदा आधाराला आहे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. तीन महिन्यांनी ‘मटेरिअल चुकलं’ म्हणून बिल अडवलं गेलं, तर हे कलम दाखवा. पैसे तरीही मिळाले नाहीत तर सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. पुढच्या ऑर्डरपासून करारातच लिहून घ्या, की रबराची ओळख कोणत्या मानकाने आणि कोणत्या प्रयोगशाळेत होईल, आणि राखीव नमुना कोणाकडे राहील.

प्रयोगशाळेला द्यायचं पत्र

पत्र असं लिहा आणि त्याची पोच घ्या:

*सोबत दोन नमुने देत आहे. ‘अ’ हा मान्य असलेला जुना भाग, ‘ब’ हा तक्रार आलेला नवा भाग. दोन्ही मूळ पॉलिमरच्या बाबतीत एकच आहेत का, हे इन्फ्रारेड वर्णपटाने तपासून हवे आहे. नमुने काळे आहेत, त्यामुळे वापरलेली पद्धत आणि स्फटिक रिपोर्टमध्ये लिहावेत. तपासणी कापलेल्या आतल्या पृष्ठभागावर करावी. दोन्ही आलेख एकाच चौकटीत, संगणकी फाइलसह द्यावेत. ही तपासणी आपल्या मान्यताव्याप्तीत आहे का, ते काम सुरू करण्यापूर्वी कळवावे. उरलेला नमुना नष्ट करू नये, परत द्यावा.*

साडीसाठी हेच पत्र वापरायचं तर ‘अ’ आणि ‘ब’ च्या जागी उभा धागा, आडवा धागा आणि काठाचा धागा लिहा, काळ्या नमुन्याचं आणि कापलेल्या पृष्ठभागाचं वाक्य गाळा, आणि ‘रेशीम, पॉलिएस्टर, नायलॉन, व्हिस्कोस यांपैकी काय आहे’ असा प्रश्न टाका. नायलॉन यादीत मुद्दाम ठेवा. त्याच्या आलेखात रेशमासारख्याच दोन खाचा १६४० आणि १५४० जवळ येतात, आणि घाईत वाचणारा तिथे चुकतो.